भांड्यांवर नावे टाकणाऱ्या लेझरने ॲल्युमिनियमचा चिकटजोड टिकाऊ होईल का?

गडवा_घंगाळ · ८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

पांढरकवड्याच्या अलीकडे रस्त्यालगत माझे लहानसे वर्कशॉप आहे. लग्नसराईत भांड्यांवर नावे टाकण्यासाठी दोन वर्षांपूर्वी मी २० वॉटचे फायबर लेझर घेतले. उरलेले वर्षभर फवारणी पंपांची दुरुस्ती, वेल्डिंग आणि पडेल ते काम चालते. यंदा जुलैत एका महिला बचत गटाचा फवारणीचा ड्रोन माझ्याकडे आला. त्याच्या एका हाताची (पंखा धरणाऱ्या दांड्याची) कार्बनची नळी आणि नळीच्या टोकात बसणारी ॲल्युमिनियमची खुंटी यांचा जोड सुटला होता. दोन ट्यूबांतले मिसळून लावायचे इपॉक्सी (कडक होणारा गोंद) आणून, खुंटी पॉलिश पेपरने घासून मी ती पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी ओढून पाहिली, पिळून पाहिली, तर जोड दगडासारखा लागला. पोळ्याच्या सुमारास तीच खुंटी पुन्हा हलू लागली. पंखे सुरू करण्याआधीच्या तपासणीत ते लक्षात आले, म्हणून निभावले.

मला खटकलेली गोष्ट निराळीच आहे. सगळे इपॉक्सी नळीच्या आत घट्ट राहिले आणि खुंटी मात्र घासलेल्या ताटासारखी चकचकीत बाहेर आली. बॅटरीच्या उजेडात नळीत डोकावून पाहिले तेव्हा माझ्या पॉलिश पेपरच्या ओरखड्यांचा उलटा ठसा इपॉक्सीवर रेघ न् रेघ उमटलेला दिसला. म्हणजे इपॉक्सी ओरखड्यांत उतरले होते, सुकलेही नीट होते, आणि तरीही त्याने धातू सोडला.

चिकटवण्यापूर्वी धातूच्या पृष्ठभागावर लेझर फिरवल्यास जोड मजबूत होतो, असे वाचनात आले. हे माझ्या दुकानातल्या यंत्राने साधेल का, की हे मोठ्या कारखान्यांचेच काम आहे?

जुना_टर्नर · ८ नोव्हेंबर, रात्री ९.५२

पाट्याला टाकी लावणारी बाई छिन्नी-हातोडीने जे करते, तेच तुमचे लेझर विजेवर करणार. खडबडीत करणे एवढाच हेतू असेल तर लेथवर खुंटीला नर्लिंग करा (जाळीदार खाचा पाडा), आडवा एक बोल्ट टाका आणि मोकळे व्हा. चिकटवलेल्या वस्तूवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही आणि आता या वयात ठेवणारही नाही.

सोलुशनवाला · ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ट्यूब घासल्यानंतर त्या जागेवर बोट टेकवले, तर ठिगळ नेमके त्या बोटाएवढ्या जागेतून सुटते, हे आमच्या पंक्चरच्या धंद्यातले पहिले शिक्षण आहे. गडवाभाऊ, घासून झाल्यावर तुम्ही खुंटी कशाने पुसली होती?

गडवा_घंगाळ · ८ नोव्हेंबर, रात्री १०.११

खरे सांगायचे तर कमरेच्या दुपट्ट्याने.

सोलुशनवाला · ८ नोव्हेंबर, रात्री १०.१२

मग लेझरचा प्रश्न नंतरचा आहे, आधी दुपट्ट्याचा सोडवा.

आर्वीचा_पोऱ्या · ९ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मी नोकरीत हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिकटजोड तुटला की प्रथम दोन्ही बाजू पाहाव्यात. दोन्हींवर गोंदाचा थर राहिला असेल तर गोंदच मधून फाटला आहे. त्याने आपली सगळी ताकद दिली, आता अधिक ताकद हवी असेल तर गोंद बदलावा किंवा जोडाचे क्षेत्र वाढवावे. एक बाजू स्वच्छ निघाली असेल तर गोंदाची ताकद वापरलीच गेली नाही, कारण तो त्या पृष्ठभागापासून सुटला. गडवाभाऊंनी ताटाची उपमा देऊन आपल्या रोगाचे निदान स्वतःच केले आहे. अशा वेळी दुप्पट किमतीचे इपॉक्सी आणूनही काही उपयोग होणार नाही.

ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा येतो, आणि त्यावर तेल, ओल व हवेतील सेंद्रिय मळ बसतो. गोंद धातूला कधीच चिकटत नसतो. तो या पापुद्र्याला चिकटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वरच्या मळाला. पावसाळ्यात ओल जोडाच्या कडेने आणि खुद्द इपॉक्सीतूनही हळूहळू आत झिरपते. पाणी मिळाले की या ऑक्साइडचे रूपांतर कमकुवत, भुसभुशीत हायड्रॉक्साइडमध्ये होते आणि गोंदाच्या पायाखालची जमीन सरकते. चोवीस तासांनी ओढून पाहिलेला जोड दगडासारखा लागला, कारण तोवर पाणी आत पोहोचलेच नव्हते.

आता लेझर. नाडी-स्वरूपातला, म्हणजे सलग न चालता क्षणाक्षणाने धडकणारा लेझर तीन कामे करतो. पहिले, वरचा मळ आणि जुना पापुद्रा तो वाफ करून उडवतो. दुसरे, धातूची अगदी पातळ कातडी वितळून लगेच थिजते आणि खळगे, कडा व गोळ्यांची रचना तयार होते. तिसरे काम मला सर्वांत मोलाचे वाटते: त्या तापलेल्या धातूचा हवेशी संयोग होऊन नवा, अधिक जाड आणि सूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइड वाढतो, व पातळ इपॉक्सी त्या छिद्रांत शिरून तेथेच घट्ट होते. टर्नरकाका, टाकी लावलेल्या पाट्याला यातले दुसरे काम साधते, पहिले आणि तिसरे साधत नाही. पॉलिश पेपरचेही तेच, शिवाय तो धातूचे सैल कण मागे ठेवतो.

जुना_टर्नर · ९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

समजावलेत छान, परंतु हे सगळे नॅनोमीटरमधले आहे. माझा मायक्रोमीटर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला थांबतो, त्याच्या पलीकडचे मी ऐकून घेतो, मानत नाही. लेझर फिरवलेली खुंटी आणि पेपरने घासलेली खुंटी यांतला फरक माझ्या डोळ्यांना कसा दिसेल, ते सांगा.

धोप्याची_वडी · ९ नोव्हेंबर, दुपारी १.१५

काका, तो पाण्याने दिसतो. मी वरुडला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि हा प्रयोग दरवर्षी मुलांपुढे करते.

धोप्याच्या पानावर पाणी टाकले की त्याचे मोती होऊन घरंगळतात. (पुण्याकडच्या वाचकांनी धोप्याच्या जागी अळू वाचावे. ‘अळवावरचे पाणी’ ही तुमचीच म्हण आहे.) पानावरच्या मेणचट थराची पृष्ठ-ऊर्जा कमी असल्यामुळे पाणी पानापेक्षा स्वतःलाच अधिक धरून राहते. स्वच्छ काचेवर तेच पाणी पसरते. गोंदाचेही असेच आहे: ज्या पृष्ठभागावर तो आपसूक पसरतो, तेथेच तो कणाकणाला भिडतो. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना मीटरला ७२.८ मिलिन्यूटन असतो आणि द्रव इपॉक्सीचा त्याहून बराच कमी. त्यामुळे ज्या धातूवर पाण्याचा अखंड पडदा टिकतो, त्यावर इपॉक्सी हमखास पसरते. फवारणी पंपाची टाकी ज्या पॉलिइथिलीनची असते, त्याची पृष्ठ-ऊर्जा त्याच मापात जेमतेम ३१ च्या आसपास असते. ती टाकी नेहमीच्या कोणत्याही गोंदाला दाद देत नाही, याचा अनुभव येथे प्रत्येकाने घेतलाच असेल.

कृती अशी: खुंटी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, उभी धरा आणि अर्धा मिनिट पाहा. पाण्याचा पडदा कोठेही न फाटता राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. जेथे पडदा मागे सरून थेंब झाले, तेथे मळ आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी घ्या, बोअरचे नको.

कपाशी_पंधरा_एकर · ९ नोव्हेंबर, दुपारी २.०२

आमच्या दोन पंपांच्या टाक्या मी आजवर सहा प्रकारच्या गोंदांनी चिकटवल्या आणि सहाही वेळा औषध पाठीवरून पायापर्यंत आले. ती टाकी धोप्याची बहीण आहे, हे आज कळले.

हिंगणघाट_मार्किंग · ९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

गडवाभाऊंकडे आहे तसलेच यंत्र मी चालवतो, म्हणून आकडे मांडतो.

२० वॉट आणि २० किलोहर्ट्झ ठेवले, तर सेकंदाला २०,००० नाड्या निघतात आणि प्रत्येक नाडीत १ मिलिज्यूल ऊर्जा येते. नाडी साधारण १०० नॅनोसेकंदांची असते. भागाकार केला तर त्या क्षणापुरते आपले २० वॉटचे यंत्र १० किलोवॉटचे होते, आणि तेही सुमारे ०.०५ मिलिमीटरच्या ठिपक्यावर. गुळगुळीत ॲल्युमिनियम या तरंगलांबीचा ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवून लावते, तरीही त्याची कातडी वितळते ती यामुळेच. ५०० मिलिमीटर प्रतिसेकंद वेग ठेवला की दोन ठिपक्यांतले अंतर ०.०२५ मिलिमीटर होते, म्हणजे प्रत्येक ठिपका आधीच्यावर निम्मा चढतो. रेघांमधले अंतर ०.०५ ठेवून २५ बाय १२.५ मिलिमीटरची पट्टी भरायला सुमारे तेरा सेकंद लागतात. रेघेच्या टोकांना वळायचा वेळ वेगळा. खुंटी गोल असल्यामुळे, गडव्यावर नाव टाकताना लावतो ते फिरते चक लावावेच लागेल, नाहीतर उताराच्या बाजूने फोकस सुटेल.

ताकद जास्त, वेग कमी, असा मोह मात्र टाळा. भांड्यावरचे नाव काळेभोर उमटावे म्हणून आपण जी सेटिंग ठेवतो, ती येथे घातक आहे. त्या सेटिंगवर धातूचा धूर परत बसून काजळीसारखा सैल थर होतो आणि गोंद त्या काजळीला चिकटतो. पांढुरका, मंद, कापसासारखा रंग आला की थांबावे.

शेवटचे, परंतु खरे तर पहिले: हा लेझर १०६४ नॅनोमीटरचा आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. यंत्रातून जो लाल ठिपका दिसतो, तो फक्त जागा दाखवणारा दिवा आहे. न दिसणारा किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटत नाही आणि पडदा जळतो. ॲल्युमिनियम आरशासारखे असल्याने परावर्तनाची भीती भांड्यांपेक्षा अधिक. १०६४ साठीचाच चष्मा घाला, वेल्डिंगची काच चालणार नाही.

रनवेकाठी · १० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

मी मूळचा दारव्ह्याचा, विमानांच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झालो. टर्नरकाकांचा अविश्वास मला मान्य आहे. आमच्या क्षेत्राने तो फार मोठी किंमत देऊन शिकला.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या उड्डाण क्रमांक २४३ चे बोइंग ७३७ सुमारे २४,००० फुटांवर असताना त्याच्या छताचा साडेपाच मीटरांचा भाग उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. उरलेल्या ९४ जणांना घेऊन वैमानिकांनी विमान उतरवले. त्या विमानाच्या पत्र्यांचे जोड थंड पद्धतीने, म्हणजे गोंद गरम न करता, चिकटवलेले होते आणि त्यांवर रिव्हेटही होते. वर्षानुवर्षांच्या खाऱ्या, दमट हवेत चिकटजोड सुटले, सांध्यांत पाणी शिरून गंज धरला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि रिव्हेटांच्या भोकांपासून धातूच्या थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन पडणाऱ्या, भेगा वाढत गेल्या. तोवर विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. तेथे दोष गोंदाच्या ताकदीचा नव्हता, पृष्ठभागाच्या टिकाऊपणाचा होता. काका, रिव्हेट असूनही हे झाले, तेव्हा एकटा बोल्ट म्हणजे विमा नव्हे.

ॲल्युमिनियम चिकटवण्यापूर्वी विमान उद्योग त्याला क्रोमिक किंवा फॉस्फरिक आम्लाच्या हौदात बुडवून, वीज सोडून छिद्राळ ऑक्साइड वाढवतो. ही पद्धत उत्तम, परंतु क्रोमिक आम्लातले सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरावर २१ सप्टेंबर २०१७ पासून परवान्याची अट घातली. लेझरकडे उद्योगाचे लक्ष वळण्यामागे ताकदीपेक्षा हे कारण मोठे आहे: हौद नको, आम्ल नको, सांडपाणी नको, आणि हवी तेवढीच जागा तयार करता येते. तुमच्या यंत्राने विमान दुरुस्त होणार नाही हे उघडच आहे, परंतु तत्त्व तेच आहे.

सुतारपक्षी · १० नोव्हेंबर, सकाळी ९.१८

आमच्या आजोबांच्या वेळी सरस चुलीवर उकळून लावत, आणि रंधा मारलेल्या फळीवर दुसऱ्या दिवशी सरस लावायला ते कधीच तयार नसत. ‘आजचा रंधा, आजचाच सरस’ असे त्यांचे म्हणणे होते. लेझरच्या पृष्ठभागाला अशी काही मुदत असते का?

आर्वीचा_पोऱ्या · १० नोव्हेंबर, दुपारी १२.३०

आजोबांना दंडवत. असते. लेझर केलेला ताजा धातू पाण्याला कवेत घेतो, परंतु उघडा पडून राहिला की हवेतले सेंद्रिय रेणू त्यावर बसत जातात आणि काही दिवसांत तोच पृष्ठभाग पाणी झटकू लागतो. धोप्याच्या पानाचा गुण धातूला लागतो म्हणा. त्या दिवशीच, शक्यतो तासा-दोन तासांत चिकटवावे.

जुना_टर्नर · १० नोव्हेंबर, रात्री ९.००

वाद पुरे. ओढून तोडण्याचे यंत्र खेड्यात कोणाकडे आहे? २५ बाय १२.५ मिलिमीटरचा चांगला जोड तोडायला तीनशे-चारशे किलोंहून अधिक ओढ लागेल. युरियाच्या ४५ किलोच्या किती गोण्या टांगणार आणि कोठे?

रनवेकाठी · ११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

गोण्यांची गरज नाही, पाचर पुरे. एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेच्या डी ३७६२ या क्रमांकाने ओळखली जाणारी चाचणी आहे आणि ती कोणत्याही वर्कशॉपात करता येते. सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या, २५ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवा, एका टोकाला थोडी जागा गोंदाविना ठेवा. गोंद पूर्ण पक्का झाल्यावर त्या टोकात पाचर ठोका. भेग जेथे थांबेल तेथे कडेवर खूण करा. मग पाचरीसकट तो जोड ५० अंशांच्या दमट वाफेत ठेवा आणि तासाने, मग दुसऱ्या दिवशी, भेग किती पुढे सरकली ते मोजा. ओढून तोडण्याची चाचणी त्या दिवसाची ताकद सांगते. पाचर पावसाळा कसा जाईल ते सांगते.

कपाशी_पंधरा_एकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

चांगल्या जमलेल्या जोडात पाचर मारून तो किती दिवसांत फाटतो हे पाहण्याची परंपरा आमच्या गावात फार जुनी आहे. दमट हवेचीही गरज पडत नाही, ग्रामपंचायतीची निवडणूक पुरते.

धोप्याची_वडी · ११ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

वाफेसाठी झाकणाचा गंज घ्या, तळाशी पाणी, वर विटकरीच्या तुकड्यांवर जाळी आणि जाळीवर पट्ट्या. (पुणेकरांसाठी पुन्हा खुलासा: आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडावर चढतो तो गंज वेगळा.) आच मंद ठेवून थर्मामीटर लावावा, कारण पाणी उकळले तर इपॉक्सीच मऊ पडून निकाल फसवा येईल.

बचत_गट_सचिव · ११ नोव्हेंबर, रात्री ८.५०

हा ड्रोन आमच्या गटाचा आहे, म्हणून लिहिते. आपली चर्चा मी तीन दिवस वाचत आहे आणि पुष्कळ शिकले. परंतु या यंत्राच्या टाकीत दहा लिटर औषध असते आणि ते आमच्या बायकांच्या डोक्यापलीकडून फिरते. प्रयोग खुशाल करावा; आमच्या ड्रोनच्या हातावर मात्र करू नये, ही विनंती.

आर्वीचा_पोऱ्या · ११ नोव्हेंबर, रात्री ९.२५

ताई, आपले म्हणणे शंभर टक्के योग्य आहे आणि हे आम्हीच आधी लिहायला हवे होते. उडत्या यंत्राचा भार घेणारा जोड घरी दुरुस्त करू नये. निर्मात्याकडून पूर्ण हात नवा मागवावा.

टर्नरकाकांच्या बोल्टबद्दलही दोन शब्द. गोंद धरून आहे तोवर बोल्टला जवळजवळ भारच येत नाही, तो गोंद सुटल्यावर कामाला लागतो. त्या अर्थी राखण म्हणून त्याला किंमत आहे. परंतु कार्बनच्या नळीला भोक पाडले की तंतू तुटतात आणि भोकाभोवती थर सुटू लागतात. धातूच्या जोडातली सवय कार्बनला लावता येत नाही.

गडवा_घंगाळ · ११ नोव्हेंबर, रात्री १०.००

ताई, ऐकले. नवा हात मागवण्यासाठी उद्याच बोलतो. प्रयोग पट्ट्यांवर आणि निकामी झालेल्या जुन्या हातावर करीन.

एक शंका राहिली. खुंटीवर लेझर फिरेल, परंतु कार्बनच्या नळीचे काय? तिथेही फिरवावा का?

आर्वीचा_पोऱ्या · ११ नोव्हेंबर, रात्री १०.३५

नको. पहिली अडचण साधी आहे, तुमचा किरण वरून येतो आणि नळीच्या आतल्या भिंतीवर पोहोचतच नाही. दुसरी अडचण तरंगलांबीची. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश तंतूंना बांधून ठेवणाऱ्या वरच्या रेझिनमधून बराचसा आरपार जातो आणि खालच्या काळ्या तंतूंत शोषला जातो. तंतू तापतात, त्यांच्यालगतचे रेझिन आतून फुटून उडते आणि जरा अधिक झाले की तंतूच उघडे व सैल पडतात. कारखान्यात या कामाला अतिनील लेझर वापरतात, कारण तो रेझिनच्या वरच्या थरातच शोषला जातो. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला सिलिकोनचा मळ त्याने थराथराने काढता येतो.

तुमच्या नळीसाठी हातच बरा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग बारीक पेपरने घासा, मग पुन्हा पुसा. आधी घासले तर मळ ओरखड्यांत रेटला जातो. दर पुसण्याला कापड नवे घ्या आणि दुपट्टा लांब ठेवा. आणखी एक: कार्बन आणि ॲल्युमिनियम ओल्या जागी थेट टेकले की विद्युतघटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून खुंटीभोवती काचतंतूचा धागा गुंडाळून मग गोंद लावा. त्याने अंतर राहते आणि गोंदाची जाडीही सारखी येते.

गडवा_घंगाळ · ३० नोव्हेंबर, रात्री ९.३०

तुळशीच्या लग्नानंतर भांड्यांची गर्दी झाली, म्हणून उशीर. पाचरीचा प्रयोग झाला. एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीतून सगळे तुकडे कापले, इपॉक्सी एकच, आणि पक्के होण्यासाठी सर्वांना सात दिवस दिले. तीन प्रकार केले: फक्त अल्कोहोलने पुसलेले, पॉलिश पेपरने घासून पुसलेले, आणि पुसून लेझर केलेले.

पाण्याच्या पडद्याने सुरुवात केली. पुसलेल्या पट्टीवर पडदा लगेच फाटला. घासलेलीवर बऱ्यापैकी टिकला, परंतु कडेला मागे सरला. लेझरच्या पट्टीवर थेंब टाकला तर तो थेंब म्हणून उरलाच नाही, टीपकागदाने प्यावा तसा पसरला.

पाचर ठोकली तेव्हा मात्र माझी निराशा झाली. पुसलेल्या जोडात भेग लांब गेली, हे अपेक्षित होते. परंतु घासलेल्या आणि लेझरच्या जोडांत भेग जवळजवळ सारख्याच जागी थांबली. त्या संध्याकाळी टर्नरकाका दुकानात आले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी येथे वर्णन करू शकत नाही.

मग सगळे गंजात ठेवले. तासाभराने पुसलेला जोड हातात घेताच दोन तुकडे झाले. सकाळपर्यंत घासलेल्या जोडांतली भेग पुढे पळाली होती, आणि उघडून पाहिले तर एक बाजू पुन्हा तशीच, ताटासारखी. लेझरच्या जोडांत भेग थोडीच सरकली, आणि सरकली तेवढ्या भागात दोन्ही पट्ट्यांवर इपॉक्सीचा करडा थर होता. नख मारूनही तो निघत नाही.

एक लेझरचा जोड मात्र वाईट निघाला, तेही सांगतो. त्या तुकड्यावर मी सवयीने भांड्यांचीच सेटिंग चालवली होती. काळा थर सगळाच्या सगळा इपॉक्सीसोबत उचलून आला. हिंगणघाटवाल्या भाऊंनी लिहिलेले अक्षरशः खरे झाले.

जुना_टर्नर · ३० नोव्हेंबर, रात्री १०.१०

मी समक्ष पाहिले, त्यामुळे आता नाही म्हणता येत नाही. कोरड्यात मी जिंकलो, ओल्यात हरलो. पावसाळा दरवर्षी येतो, म्हणजे हरलोच म्हणायचे.

सोलुशनवाला · ३० नोव्हेंबर, रात्री १०.१४

काकांनी हार मानल्याचा हा धागा जपून ठेवावा.

धोप्याची_वडी · १ डिसेंबर, सकाळी ७.२०

निकाल सुंदर आहे, परंतु ओल ही निम्मी परीक्षा झाली. खोलीच्या तापमानाला सुकणारी बरीचशी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास काचेसारखी कडक न राहता मऊ पडू लागतात, आणि ओल शोषलेले इपॉक्सी त्याहून कमी तापमानालाच. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पारा ४५ च्या वर जातो. उन्हात पडलेली काळी कार्बनची नळी हात लावू देत नाही. तेथे पृष्ठभाग कितीही उत्तम असला तरी गोंदच ढिला होईल. इपॉक्सीच्या माहितीपत्रकात गरम करून पक्के करण्याचे तापमान आणि वेळ दिलेली असेल तर तसे करावे, त्याने ही मर्यादा वर सरकते. लेझर हे काम करू शकत नाही.

हिंगणघाट_मार्किंग · १ डिसेंबर, सकाळी ९.०५

फवारणीच्या औषधांचाही विचार व्हावा. पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या औषधांत झायलीनसारखे द्रावक असतात आणि जोडाच्या कडेला ते रोज लागतात. पाचरीची एक जोडी तशा पाण्यात बुडवून पाहायला हवी, परंतु ती चुलीवर आणि घरातल्या गंजात मुळीच नको. जुन्या बरणीत, घराबाहेर, हातमोजे घालून.

बचत_गट_सचिव · ६ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

नवा हात आला आणि बसवला. तुरीवरची फवारणी सुरू झाली. जुना हात गडवाभाऊंना दिला आहे. त्यांनी त्याचे पुढे काय केले, हे ऐकायची गटातल्या सगळ्यांना उत्सुकता आहे.

गडवा_घंगाळ · ८ डिसेंबर, रात्री ९.४५

खुंटी फिरत्या चकवर धरून पांढुरकी होईपर्यंत लेझर केली, अर्ध्या तासाच्या आत काचतंतूचा धागा गुंडाळून चिकटवली, आणि माहितीपत्रकात होते तसे, पत्र्याच्या पेटीत शंभर वॉटचा दिवा लावून ६० अंशांवर पक्की केली. आता तो हात दुकानामागच्या कडुनिंबाला आडवा बांधला आहे आणि टोकाला दहा लिटर पाण्याची कॅन टांगली आहे. मेचे ऊन आणि जूनचा पाऊस दोन्ही त्याच्यावरूनच जातील. दर अमावास्येला कॅन काढून खुंटी हलते का पाहीन आणि येथे लिहीन.

जुना_टर्नर · ८ डिसेंबर, रात्री ९.५८

खुंटीवर नाव कोणाचे टाकले?

गडवा_घंगाळ · ८ डिसेंबर, रात्री १०.०३

बाहेर राहिलेल्या कडेवर फक्त तारीख टाकली आहे, काका. आंदणात द्यायची वेळ आली की नाव टाकू.